जुन्या लॅपटॉपचं स्थळ

शनिवार, दुपार. हजर: मी, माझा जुना लॅपटॉप आणि तलासरी नाक्यावरचा दुरुस्तीवाला.

मुलीचा वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरायचा होता आणि लॅपटॉपचं वायफाय बंद पडलेलं. मी नेलेलं नवं वायफाय कार्ड त्याने बसवलं, तर लॅपटॉप सुरूच होईना.

"ताई, स्थळ चांगलंय, पण इथे नांदणार नाही." प्रत्येक सुट्या भागाचं तो असंच लग्न जुळवतो.

"मग नवा लॅपटॉपच घेते."

"घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं, तर नवं आणता काय?"

बोलता बोलता त्याने स्वतःचा तितकाच जुना लॅपटॉप खोलला आणि त्यातलं कार्ड काढून माझ्या लॅपटॉपला बसवलं. अर्ज गेला.

तेव्हापासून त्याचा लॅपटॉप इंटरनेटसाठी वायरने मोबाइलला बांधलेला असतो. "बायको माहेरी गेलीय त्याची," तो गिऱ्हाइकांना सांगतो.

त्याच्या लॅपटॉपला जुळणारं कार्ड डहाणूत शोधायचं काम माझ्याकडे अजून बाकी आहे.