सोबतीला आलेली आत्या

शिरपूर ते धुळे या पट्ट्यात माझ्या मोठ्या आत्याने पालथा घातला नाही असा दवाखाना नसेल, आणि त्यातल्या एकाही दवाखान्यात ती स्वतःसाठी गेलेली नव्हती. गावात कोणी शिंकलं तरी आत्या थर्मास, चादर आणि शेवेची पिशवी घेऊन तयार. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरंही तीच द्यायची. एका म्हाताऱ्याला पोट साफ होतं का असं विचारलं, तर त्याने तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "व्हस, पन येळ लागस."

तिच्या स्वतःच्या डाव्या नडगीवर मात्र जखम होती. माझ्या लहानपणी एका लग्नात उकळत्या वरणाचं पातेलं कलंडून पाय भाजला, तो नीट भरलाच नाही. खपली धरायची, पुन्हा फुटायची. हळद झाली, कोरफड झाली, कोणाकोणाच्या पुड्या झाल्या. शेवटी तिने वर फडकं बांधलं, लुगडं खाली सोडलं आणि विषय संपवला. कोणी काढलाच तर म्हणायची, "जुनी शे ती. तिले काय व्हस?"

मागच्या वर्षी शेजारच्या आबांचा अंगठा चपलेने सोलवटला. साखरेच्या आजारात जखम अंगावर काढू नये, असं सुनावत आत्याने त्यांना माझ्या गाडीत कोंबलं. धुळ्याचे सर्जन अंगठा पाहता पाहता थांबले. "हा वास या अंगठ्याचा नाही."

आबांनी मुकाट्याने आत्याकडे बोट केलं.

"मी पेशंट नही," आत्या ताडकन म्हणाली, "मी संगे ऊनी शे."

"सोबत आलात तरी पाय दाखवा, अक्का."

फडकं सुटलं तेव्हा मी भिंतीकडे पाहू लागलो. जखमेच्या कडा उचलल्या होत्या, मधे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढलं होतं. तुकडा तपासायला गेला. त्वचेचा कॅन्सर निघाला.

"जखमले कॅन्सर?" आत्याने विचारलं.

"वर्षानुवर्षं न भरलेल्या जागेत होतो कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "आता हाडापर्यंत गेलाय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

सगळ्या गावाच्या वतीने डॉक्टरांशी हुज्जत घालणाऱ्या आत्याने या वेळी एकच प्रश्न विचारला. "काढा त मी वाचसू ना?"

"जांघेत गाठी नाहीत, म्हणजे वर पसरलेला दिसत नाही. वाचाल, असं वाटतं."

"मंग काढी टाका."

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने जोडवी उतरवायला सांगितली. डाव्या पायातलं निघेना. शेवटी कापावं लागलं. तेव्हा ती रडली. तिचे यजमान, ज्यांना घरात बोलायची संधी सहसा मिळत नसे, हळूच म्हणाले, "नवं करूत."

"कोठे घालसू?" आत्या म्हणाली.

आता ती कृत्रिम पायावर चालते. दर काही महिन्यांनी तपासणीला मी धुळ्याला नेतो. परवा सगळं स्वच्छ निघालं. येताना नरडाण्याला चहासाठी थांबलो, तर तिने गाडीतच कृत्रिम पाय काढून शेजारी ठेवला आणि बाहेर बघत बसली.

"लई दुखे रे भाऊ तो जुना पाय," ती म्हणाली. "कोनले सांगं नही मी."

चहा आला. तिने तो बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि मग पाय पुन्हा चढवायला घेतला.