रंजिताची दुसरी रेघ

केळझरचे बंडूजी वांगी-टमाटे पिकवून सेलूच्या बाजारात विकतात. त्यांची रंजिता वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. पोरगी नेमकं काय शिकते, हे त्यांना सांगता येत नाही. मी त्यांचा शेजारी. मला थोडं येतं, कारण मी बत्तीस वर्षं सूतगिरणीत काढली.

आरएनए हा पेशीतला बारीक धागा. पीळ जास्त झालेलं सूत ढिलं सोडलं की स्वतःवरच गुंडाळतं, तसा तोही दुमडतो. त्या घडीला प्रथिन येऊन धरतं. घडी वेगळी पडली तर धरत नाही.

रंजिता धागा तापवते, थंड करते, मग जेल नावाच्या लिबलिबीत थरातून विजेवर चालवते. एका घडीची एक रेघ उमटते. तिला दोन दिसल्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, दुसरी म्हणजे घाण. हाताचा घाम लागला तरी आरएनए तुटतो. ती प्रबंधातून काढ, नाहीतर सही नाही.

रविवारी ती घरी आली तेव्हा आई देवकाबाई म्हणाली, एका रेघेपायी काऊन भांडतं, पदवी घे अन् मोकळी हो.

मी विचारलं, "किती वेळा केलं?"

"नऊ वेळा, काकाजी."

"नऊही वेळा तूच?"

"मंग कोन करन?"

"मंग नऊ नाई झालं. एकच झालं."

चहा तसाच ठेवून ती उठली. गिरणीत सूत तुटायला लागलं की दोष साच्याचा, म्हणजे यंत्राचा, की माणसाचा, हे पाहायला आम्ही हात बदलत असू. साचा तोच, कामगार दुसरा. हे मी तिच्या पाठीला सांगितलं.

तिने ऐकलं होतं. सोबतच्या आचलला तिने नुसते आकडे टाकलेल्या नळ्या दिल्या, आत काय ते सांगितलं नाही. आचलने चारदा चालवलं. चारही वेळा दोन रेघा. प्रथिन धरलेला धागा जड होऊन मागे, वर राहतो; प्रथिन घातल्यावर दुसरीच रेघ वर सरकली, पहिली जागची हलली नाही. घाणीला प्रथिन असं धरत नाही.

सरांना तरी पटेना. दोघी मैत्रिणी आहात, म्हणाले.

रंजिताने हातमोजे त्यांच्यापुढे ठेवले. "सर, सही नका करू. पण रेघ मी काढणार नाही. आता तुमचा हात."

सरांनी मोजे घातले. दोन रेघा आल्या. मोजे काढून ते आपल्या खोलीत गेले.

सही अजून व्हायची आहे. रेघ प्रबंधात आहे. परवा ती मला म्हणाली, चौदा वेळा झालं.

मी म्हटलं, तीन वेळा. आता पुरे.