रविवार-बुधवारचे पाहुणे

आमच्या तालुक्यात पाणी खारं आहे आणि डायलिसिसला जाणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, यावर अधूनमधून परिसंवाद होतो. पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि वक्त्यांसमोर बाटलीबंद पाणी ठेवलं जातं.

आम्ही काही मंडळींनी परिसंवादाऐवजी एक साइट काढली. तिचं काम एकच. डायलिसिस होतं खामगावला; तिकडे गाडी घेऊन निघणाऱ्याने आदल्या संध्याकाळी वेळ आणि रिकाम्या जागा लिहायच्या. पेशंटच्या घरच्यांनी कुणाला कुठून घ्यायचं ते लिहायचं. आधी हे व्हॉट्सअॅपवर करून पाहिलं होतं. तिथे सुप्रभातची फुलं आणि भावी आमदारांचे वाढदिवस यांच्याखाली गाडीची वेळ गाडली जायची. मी कॉलेजात संगणक शिकवतो, म्हणून साइट सांभाळायचं माझ्या गळ्यात पडलं.

तिच्यावर सगळ्यांत जास्त भिस्त होती माझ्या शेजारच्या गुरुजींची. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. एसटीत उभं राहण्याची ताकद काकूंच्यात उरलेली नाही आणि भाड्याची गाडी आठवड्यातून दोनदा करणं पेन्शनला झेपत नाही. पार्सलं नेणाऱ्या एका गाडीवाल्याच्या शेजारच्या दोन जागा, एवढ्यावर ते घर चाललं होतं.

साइट पहिल्यांदा बंद पडली ती एका रविवारी संध्याकाळी. गुरुजींनी कुंपणावरून हाक मारली.

"काऊन सर, झोपली का आपली साइट?"

"बघतो, गुरुजी."

"पाहा बावा. उद्या हिले न्या लागते."

साइट झोपली नव्हती, तिला गर्दीने घेरलं होतं. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर हजारो माणसांनी यावं, "गाडी लागली का?" विचारावं, उत्तर न ऐकता पुन्हा रांगेत उभं राहावं आणि ज्याला खरोखर जायचंय त्याचा नंबर कधीच लागू नये, तसा तो प्रकार. फरक इतकाच, की या रांगेत माणूस एकही नसतो. सगळी यंत्रं, आणि ती कुणीतरी भाड्याने घेतलेली.

ज्या कंपनीच्या यंत्रावर आमची साइट होती, तिला मी कळवलं. आपली सुरक्षितता हीच आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे, असं उत्तर आलं आणि इतर ग्राहकांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी आमचं खातं तात्पुरतं गोठवलं.

ते सुटलं, तर बुधवारी संध्याकाळी पुन्हा तेच. मग पुढच्या रविवारी.

साइटवर कुठून कोण आलं, त्याच्या नोंदी मी काढून बसलो. पत्ते ब्राझीलचे, व्हिएतनामचे, कुठले कुठले. आमच्या संग्रामपूर तालुक्याचं नाव ज्यांनी जन्मात ऐकलं नसेल अशा देशांतून आमच्यावर लोटच्या लोट येत होते. प्रथम मला याचा थोडा अभिमानही वाटला. मग वार पाहिले. रविवार आणि बुधवार, दिवेलागणीची वेळ. म्हणजे सोमवारच्या आणि गुरुवारच्या गाडीची जागा पक्की करायची नेमकी वेळ. शुक्रवारी आमच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. पत्ते जगभरातले होते. वेळापत्रक मात्र आमच्या गावचं होतं.

त्या दिवसापासून मी चहाच्या टपरीवर साइटचा विषय काढणं बंद केलं.

पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तेव्हा "संशय कुणावर?" असं विचारलं गेलं. आमच्या रिकाम्या जागांमुळे काही जणांच्या भाड्याच्या गाड्या रिकाम्या राहतात, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि खाली सही करणं वेगळं. मी "अज्ञात इसम" लिहून आलो.

मग साइटच्या दारात एक फुकटची राखण बसवली. येणाऱ्याला ती आधी माणूस असल्याचा पुरावा मागे. यंत्रं अडली. गुरुजीही अडले. फोन घेऊन ते कुंपणाशी आले.

"हे मले लाल नळ शोधाले लावून राह्यलं, सर. हे काय असते?"

पडद्यावर नऊ चित्रं होती आणि आग विझवायचे नळ ओळखायचे होते. परदेशात ते म्हणे रस्त्याच्या कडेला असतात.

"आपल्या गावात प्याच्या पाण्याले नळ नाही," गुरुजी म्हणाले, "अन् हे इझवाच्या पाण्याचा इचारते. मी माणूस नाही का मंग?"

ओट्यावरून काकू म्हणाल्या, "पेन्शनवाले दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला मागतात. हे त्याच्याहून वरचढ निघाले."

आम्ही हसलो. पण त्या आठवड्यात त्यांची जागा चुकली. डायलिसिस एक दिवस पुढे गेलं आणि काकूंचे पाय खांबासारखे सुजले.

मी ती राखण काढली. पाहणाऱ्यांसाठी पानाची साधी प्रत करून ती ठिकठिकाणच्या यंत्रांवर ठेवली. एका खिडकीच्या जागी शंभर खिडक्या. लिहिण्याचं दार फक्त आमच्या नोंदलेल्या नंबरांना उघडं ठेवलं. रविवार आला. गर्दीही आली, नेहमीपेक्षा मोठी. साइट हलली नाही. कुंपणापलीकडून गुरुजींनी फोन उंचावून दाखवला. पानावर काकूंचं नाव होतं, वरवटचा फाटा होता, गाडीची वेळ होती.

सोमवारी सकाळी मीही फाट्यावर गेलो. वेळ उलटली तरी गाडी नाही. काकू पिशवी मांडीवर घेऊन मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने गाडीवाला आला तो मेव्हण्याचा पिकअप घेऊन.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"चाकं बसले, सर."

"पंक्चर?"

"पंक्चर एक चाक होते." त्याने काकूंना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. "चारी होत नाही."

साइटवर त्याचं नाव होतं, गाडीचा नंबर होता, गावही होतं. पान कधी बंद पडू नये यासाठी मी जिवाचं रान केलं होतं. ते चालू होतं आणि वाचणारे वाचत होते.

संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, आता नावं काढून टाकू, नुसते खुणेचे आकडे ठेवू. गुरुजींनी मान डोलावली. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "माझं नाव राहू दे भाऊ. तिकडल्या डायलिसिसवाल्या बाया रोज पाहतात. नाव निघालं त समजतील, गेली."

गाडीवाल्याचं नाव काढलं. काकूंचं ठेवलं.

बुधवारी दिवेलागणीला मी पडद्यासमोर बसलो. कुणीच आलं नाही. ना ब्राझील, ना व्हिएतनाम. आलेखाची रेघ सपाट होती. इतके आठवडे मी त्या गर्दीला शिव्या दिल्या होत्या. आता ती यावी म्हणून वाट बघत बसलो. आली असती, तर ती माणसं अजून इंटरनेटच्या तारेवरच आहेत, रस्त्यावर उतरलेली नाहीत, एवढं तरी कळलं असतं.

गाडीवाल्याला फोन लावला.

"गाडी कुठे लावली?"

"घरासमोर."

"अंगणात घे. फाटक लावून घे."

"अंगणाले फाटक कुठं हाय, सर?" तो म्हणाला.