मामांचा द्विपक्षीय करार

जगातल्या कुठल्याही दोन देशांची मैत्री जुळली, की ती टिकणार की मोडणार हे त्या देशांच्या आधी माझ्या बायकोच्या मामांना कळतं. मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आता निवृत्त होऊन राहात्याजवळच्या वस्तीवर पेरूची बाग सांभाळतात. पाटाच्या पाण्यावरून एकमेकांवर फावडी उगारणाऱ्या माणसांना चहाच्या टपरीवर बसवून पाळ्या ठरवून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालय म्हणजे आपल्याच खात्याचं जरा मोठं ऑफिस, असं त्यांना मनापासून वाटतं. दोन मित्रदेशांचे पंतप्रधान भेटले आणि सुरक्षा, तंत्रज्ञान, व्यापार यांत सहकार्य करायचं ठरलं, अशी बातमी पेपरात आली की मामा पेन्सिलीला टोक काढून ओळ न् ओळ वाचतात. त्यांचा खरा जीव मात्र फोटोत. "जावईबापू, सह्या झाल्यावर ती पेनं कोन घेऊन जातं हो? आन् टेबलावरच्या त्या दोन झेंड्यांना इस्त्री कोन करतं? ज्याचं घर त्यो, का ज्याचा झेंडा त्यो?" मी नगरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून हे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. वीस वर्षं शिकवूनही मला त्यातल्या एकाचंही उत्तर येत नाही. माझ्या पदवीवरचा मामांचा विश्वास केव्हाच उडाला, पण प्रश्न काही थांबलेले नाहीत.

नुसतं वाचून त्यांचं समाधान होईना. बांधाला बांध लागून अण्णांची वस्ती. अण्णा मामांचे शाळेपासूनचे दोस्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत, म्हणजे वस्तीवर ते आणि त्यांची म्हैस. सात वर्षांपूर्वी मामांनी या दोस्तीचा रीतसर करार करायचं मनावर घेतलं. "तोंडी दोस्ती लई धोक्याची. उद्या सरकार बदललं म्हंजी?" असं ते म्हणाले. यातलं सरकार म्हणजे मामी, आणि त्या बदलण्याची काडीइतकीही शक्यता नव्हती. तरीही बांधावर टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या, दोन्ही खुर्च्यांवर एकाच रंगाचे टॉवेल आले. करार दोन प्रतींत होता. एकीत मामांचं नाव आधी, दुसरीत अण्णांचं, आणि ज्याचं नाव आधी ती प्रत त्यानं ठेवायची, हा देशोदेशींचा रिवाज मामांनी कुठून तरी शोधून काढला होता. सह्या झाल्या आणि दोघांनीही "आधी तू, आधी तू" करत आपापली प्रत दुसऱ्याच्या हातात कोंबली. तेव्हापासून मामांच्या कपाटात अण्णांचं नाव आधी आहे आणि अण्णांच्या ट्रंकेत मामांचं.

करारातलं सुरक्षेचं कलम बिबट्यासाठी होतं. आमच्याकडच्या उसात बिबटे भाडेकरूसारखे राहतात. ज्याला दिसेल त्यानं ताट वाजवायचं, दुसऱ्यानं ताट वाजवून पोच द्यायची आणि काठी घेऊन निघायचं. एकदा भर सकाळी मामींच्या हातून परात निसटली. अण्णांनी तिकडून इमानानं पोच दिली आणि एकाच पायात चप्पल अडकवून ते धावत आले. मामांनी दारात त्यांचं स्वागत केलं, चूक कबूल केली आणि 'आपल्या तत्पर प्रतिसादाबद्दल आम्ही आभारी आहोत' असं पत्र उभ्या उभ्या लिहून दिलं. अण्णांनी ते नीट वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरं, आता चहा देनार का तेबी लेखी मागू?"

तंत्रज्ञानात अण्णा पुढारलेले. त्यांच्या विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू होते. मामांनी ते तंत्र शिकून घेतलं आणि इतक्या लांबून चालू होते का, या कुतूहलापोटी शिर्डीच्या बसस्टँडवरून चालू करून पाहिली. झाली! बंद कशी करायची, तो धडा मात्र शिकायचा राहिला होता. मामा घरी पोचेपर्यंत अण्णांच्या म्हशीच्या घासाच्या वाफ्यांत घोटाभर पाणी साचलं होतं. व्यापाराचं कलम त्या मानानं सोपं, इकडून पेरू आणि तिकडून म्हशीचं दूध. फक्त बहर आला की मामा पेरूच्या इतक्या पाट्या पाठवायचे, की एका वर्षी अण्णांनी बांधावर येऊन तीव्र निषेध नोंदवला. "आरं, आता म्हस बी तोंड फिरवायला लागली!"

गेल्या उन्हाळ्यात अण्णांचे गुडघे गेले. एका सकाळी ते गोठ्यात घसरून पडले. दूध का आलं नाही म्हणून मामा बघायला गेले, तेव्हा अण्णा शेणात तसेच बसून होते आणि म्हैस त्यांच्याकडे बघत होती. मुलगा दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला. म्हणाला, आता इथं ठेवणार नाही. अण्णा म्हणाले, मेलो तरी वस्ती सोडणार नाही. दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मग मुलगा मामांकडे आला. "काका, तुम्ही सांगितलंत तरच ते येतील."

अण्णांना जा म्हणण्याचा अर्थ मामांना कळत होता. अण्णा पुण्याला गेले तर मामांना दुसरं कोणी नव्हतं. मामी होत्या, आम्ही अधूनमधून होतो, पण अण्णा नव्हते. मी सुट्टीला तिथंच होतो, त्यामुळे पुढचं सगळं समोर बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून पडवीत बसले आणि त्यांनी मुलाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कितवा मजला? लिफ्ट बंद पडली तर? अण्णाच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? दुपारी घरात कोण असतं? पहिल्यांदा मुलगा हसत होता. मामा मात्र एकेक कलम लिहीत गेले. घराची एक किल्ली अण्णांच्या खिशात राहील. त्यांची खोली उजेडाची असेल. म्हैस मामांच्या गोठ्यात राहील आणि तिची खबर रोज फोनवर कळवली जाईल. शेवटचं कलम लिहून मामांनी मान वर केली. "पाव्हणे आले तर त्याला आतल्या खोलीत जायला सांगायचं न्हाई. त्यो तिथंच बसंल, तुमच्यात. कबूल?" मुलाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्यानं खाली मान घालून सही केली. कागद अण्णांपुढे ठेवला, तर त्यांनी तो वाचलाच नाही. "तू लिव्हलंय ना?" एवढंच म्हणाले आणि सही ठोकली. असा पक्का करार मी पुस्तकांतही पाहिलेला नाही, आणि तो करणाऱ्याच्या पदरात त्यातून काहीच पडलं नव्हतं.

महिन्याभरानं वस्तीवर गेलो, तेव्हा मामा बांधावर बसले होते. कुठल्या तरी दोन देशांची बोलणी फिसकटल्याची बातमी मी मुद्दाम काढली. मामांनी ऐकून घेतली. "देशांचं बरं असतं, जावईबापू. कितीबी बिनसलं, तरी जागा सोडून जात न्हाईत," असं ते म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, तुम्ही सगळं अण्णांसाठी मागितलंत. स्वतःसाठी काहीच का नाही मागितलं?"

मामांनी अण्णांच्या बंद घराकडे मान वळवली.

"मागितलं हुतं की. सह्यांच्या आदल्या सांजेला एकटाच गेल्तो त्याच्याकडं. म्हनलो, नको जाऊ रं. त्यो म्हनला, तू म्हनत असशील तर ऱ्हातो." मामा माझ्याकडे वळले. "ऱ्हायला असता हो. खरंच ऱ्हायला असता. म्हनून मग म्या मागनी मागं घेतली."