खोक्यात नसलेलं कार्ड

तारीखबाई हे नाव त्यांना दवाखान्यात येणाऱ्या बायकांनी ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमापोटी नव्हतं. वीस वर्षं त्या कुटुंब नियोजनाच्या खोलीत सिस्टर होत्या. खोली म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि भिंतीला लागून एक बाक. टेबलावर बुटांचा रिकामा खोका, आणि त्यात तारखेप्रमाणे लावलेली कार्डं. जिचं तीन महिन्यांचं इंजेक्शन त्या आठवड्यात असेल तिचं कार्ड सगळ्यात पुढे. कार्ड पुढे आलं आणि बाई आली नाही, की तारीखबाई फोन करायच्या. फोन उचलला नाही तर थेट दारात जाऊन उभ्या. सासू समोर असो की दीर, त्यांना कशाची भीड नव्हती.

उशिरा येणाऱ्या बाईची मात्र धडगत नसे. पडदा हाताशी असून तो ओढायचा नाही, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "पोरांची नावं विसरता का? मग तारीख कशी विसरता?" बाक हसायचा. ती बाई पदर सावरत जमिनीकडे बघत राहायची. तारीखबाईंना वाटायचं, लाजेने का होईना, पुढच्या वेळी नीट येईल. काहीजणी यायच्या. काहीजणी पुन्हा कधीच आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हा प्रश्न तारीखबाईंना वीस वर्षांत पडला नाही. माणूस आपल्या कामात हुशार झालं की असं होतं.

ही खोक्याची पद्धत वरच्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दवाखान्यांतल्या नव्या मुलींना ती शिकवायला तारीखबाईंनाच धाडलं जाई. त्या मुली पद्धतीबरोबर ते वाक्यही उचलायच्या.

त्या खोक्यात सगळ्या वस्तीच्या तारखा होत्या. नव्हती ती फक्त तारीखबाईंची स्वतःची.

इंजेक्शन त्याही घेत होत्या. खोली रिकामी झाली की आतून कडी लावून स्वतःच मांडीत टोचून घ्यायच्या. पण कार्ड केलं नाही, कारण कार्डं लावायला रोज हात लावायची ती झाडलोट करणारी मावशी, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. वय त्रेचाळीस, मुलगी कॉलेजात, आणि हिला अजून इंजेक्शन लागतं, हे मावशीने चहाच्या वेळी कुणाला सांगितलं तर? दिवसभर दुसऱ्यांच्या संसाराबद्दल मोठ्याने बोलणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याजवळ झोपायची लाज वाटत होती. तारीख त्यांनी डोक्यात ठेवली.

मग सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. महिनाभर रुग्णालय, पुढे दोन महिने घरी उठवणं-बसवणं. डोक्यातली तारीख कधी निघून गेली ते कळलंच नाही. पाळी नव्हती, पण ती इंजेक्शनमुळे कित्येक वर्षं नव्हतीच. सकाळी मळमळायचं, त्याचा ठपका त्यांनी जागरणांवर ठेवला. शेवटी एके दुपारी, कपाटातली एक पट्टी घेऊन त्या दवाखान्याच्या बाथरूममध्ये गेल्या. दोन रेघा उमटल्या. असल्या पट्ट्या त्यांनी हजारो बायकांना वाचून दाखवल्या होत्या. ही वाचायला त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. शब्द मोजून बोलणारा माणूस. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण तुला तर यातलं सगळं माहीत असतं ना?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. म्हणूनच ते जास्त लागलं. मूल नको यावर दोघांचं एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सासूबाई अंथरुणाला, मुलीचं शिक्षण अर्ध्यात, आणि दोघांचीही कंबर आधीच वाकलेली. पण वेळ थोडा होता. दिवस पुढे गेले की गोळ्यांनी भागत नाही, हे त्या रोज दुसऱ्यांना सांगायच्या.

स्वतःच्या दवाखान्यात जायचं म्हणजे मावशीच्या हातात कार्ड देण्यासारखंच. त्यांनी सुट्टी टाकली आणि दोन बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेल्या. डोक्यावरून ओढणी घेतली, चष्मा पिशवीत टाकला आणि बाकाच्या टोकाला बसल्या.

चष्मा नसल्यामुळे टेबलामागची मुलगी त्यांना नीट दिसली नाही. आवाज आला तेव्हा कळलं.

"पोरांची नावं विसरता का? मग तारीख कशी विसरता?"

तोच सूर, मध्ये तेवढंच थांबणं. त्यांनीच शिकवलेली मुलगी. समोर एक किडकिडीत बाई उभी होती, काखेत मूल. बाक हसला. बाईचे कान लाल झालेले तारीखबाईंना चष्म्याशिवायही दिसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. उठून निघावं म्हणून पिशवी उचलली, आणि तेवढ्या हालचालीने मुलीने पाहिलं.

"सिस्टर! अगंबाई, तुम्ही? खोका तपासायला आलात का?" ती धावत आली, हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "बरं झालं आलात. आता ह्यांना तुम्हीच सांगा. माझं ऐकतच नाहीत."

'हो, तपासायलाच आले' एवढं म्हटलं की सुटका होती. रजिस्टर चाळायचं, शाबासकी द्यायची, परतीची बस पकडायची. शब्द ओठांवर आलेही होते. पण ती किडकिडीत बाई त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी होती, दुसऱ्यांदा ऐकून घ्यायच्या तयारीने. ही बाई आता पुन्हा येणार नाही, हे तारीखबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. आणि तिच्यामागे अशा किती, ते मोजायचं धाडस झालं नाही.

"मी तपासायला नाही आले," त्या म्हणाल्या. "मला दिवस गेलेत. तारीख चुकली माझी. मी विसरले."

कुणी हसलं नाही. तारीखबाईंनी खुर्ची सोडली आणि त्या किडकिडीत बाईच्या मागे, तिच्या नंतरच्या नंबरावर जाऊन उभ्या राहिल्या. मान आपोआप खाली गेली.

त्या बाईने मूल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि वळून त्यांना नीट न्याहाळलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मला तर ह्या ओरडल्या," ती म्हणाली. "तुम्हाला कोण ओरडणार?"