काचेत दिसेल त्या जिवावर

कोळंब्या आप्पांनी मारल्या. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे कोणी शेवटपर्यंत खुनी शोधत बसायला नको.

टॉकीजमधले किस्से माशांच्या टाकीतल्या गाळासारखे असतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं आणि खाली साचत राहतं. अधूनमधून नळी लावून ओढून काढलं नाही तर सगळंच नासतं. रत्नागिरीच्या त्या टॉकीजमध्ये मी फार दिवस नव्हतो, पण गाळ भरपूर आहे. आज नळी लावतो.

मी म्हणजे बी.एस्सी. अर्धवट सोडलेला. कॉलेजात मेलेला बेडूक फाडायला लावायचे. जिवंत बेडूक पाण्यात श्वास कसा घेतो विचारलं, तर सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही." मी म्हटलं, मग मीही सिलॅबसमध्ये नाही! घरी वडिलांनी बोलणं टाकलं. तेव्हा टॉकीजचे मालक आप्पा यांनी मला कामावर ठेवलं आणि त्या उपकाराची आठवण मला रोज सकाळी करून दिली.

* * *

तो व्हिडिओचा काळ. कुवेत-दुबईला गेलेली माणसं येताना व्हीसीआर घेऊन यायची आणि अख्खी वाडी ओटीवर बसून पिक्चर बघायची. टॉकीजची बाल्कनी ओस पडली. आप्पा मुंबईला गेले, तिथे कुठल्याशा हॉटेलात काचेची टाकी बघून आले, आणि तसलीच एक आणून इंटरव्हलच्या जागेत, मधोमध ठेवली. म्हणे पब्लिक बघायला येईल!

पब्लिक आलं. पब्लिकनं टाकीत चणे टाकले, विड्या टाकल्या. सोनेरी मासे आठवड्यात मेले. टाकी शेवाळानं हिरवी झाली.

मी गावच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, कोळंब्या आणल्या. गोड्या पाण्यातल्या, बोटाच्या पेराएवढ्या, आरपार काचेसारख्या.

"कोळंबी?" आप्पा ओरडले. "शिंच्या, ती तिकल्यात घालून भाताबरोबर खातात! टाकीत नाही!"

पण कोळंब्यांनी शेवाळ खाऊन टाकी अशी लख्ख केली, की इंटरव्हलला लोक भजी विसरून काचेला नाक लावायला लागले. आप्पा खूश. मी विचारलं, "जिन्याखालची खोली द्याल? टाक्यांचं दुकान टाकीन."

आप्पांनी चारचौघांत शब्द दिला, "दिवाळीपर्यंत ही टाकी जिवंत राहिली, तर खोली तुझी."

मला आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच काहीतरी देणार होतं. तेही एक म्हातारा, म्हणजे बघा!

* * *

धोंडूकाका आमचा डोअरकीपर. गुरुवारी पोस्टर चिकटवायचं कामही त्याचंच. एका सकाळी तो झाडू टाकून पळत आला.

"बाबू, चल लवकर! टाकीत भूत हाय!"

जाऊन बघतो तर एक कोळंबी दगडावर बसलेली, आणि तिच्या शेजारी दुसरी. तशीच मिशी, तसेच डोळे, पाय रोवून उभी. पण आत काही नाही. पोकळ. पाणी हललं की तीही हलायची.

मी म्हटलं, "काका, कात टाकलीय तिनं. साप टाकतो तशी."

"डोल्यांची पन?"

"डोळ्यांची पण."

धोंडूकाकानं काचेला नाक लावलं. मग म्हणाला, "मंग आता ह्यातली बगते कोनती?"



* * *

कोळंबी जिवंत असते तेव्हा काचेची असते. मरायला लागली की शेपटीकडून दुधासारखी पांढरी होत वर येते. एका कुशीवर पडते, आणि वरच्या बाजूचे पाय हलत राहतात. भरभर. बाकी अंग गप्प.

एका शुक्रवारी सकाळी सगळ्या अशा पडलेल्या.

मी पुन्हा पऱ्यावरून आणल्या. धडधाकट राहिल्या. पिक्चर बदलला आणि त्या शुक्रवारी पुन्हा साफ!

मी काय काय केलं नाही? नळाच्या पाण्यात पावडर असते म्हणून विहिरीचं पाणी भरलं. खुर्च्यांखाली ढेकणांचं औषध मारायचे तेव्हा टाकीवर काच आणि वर ओलं पोतं. आप्पांच्या उदबत्त्या बंद केल्या. तांब्याची कळशी बंद, प्लास्टिकची बादली आणली. कारण आमच्या गावी पोफळींवर मोरचुदाची फवारणी झाली की खालच्या पऱ्यात कोळंब्या अशाच पांढऱ्या होऊन तरंगतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. मोरचूद म्हणजे तांबंच. कोळंबीला त्याचा थेंब पुरतो.

तरी मेल्या.

शेवटी स्वाभिमान गिळून कॉलेजच्या सरांना आणलं. तेच, सिलॅबसवाले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि निदान केलं, "नैसर्गिक मृत्यू."

"सर, सगळ्या? एकाच रात्रीत?"

"साथ असेल."

"साथीचं नाव काय?"

सर म्हणाले, "मॅटिनीचे दोन पास मिळतील का?"

* * *

वर केबिनमध्ये हसनचाचा. आमचा ऑपरेटर. माणूस कमी बोलायचा, आणि बोलला की नको वाटायचं.

एकदा मला म्हणाला, "पिच्चर चालू असला की तुझ्या कोळंब्या कुठं असतात, बघितलंस कधी?"

बघितलं. दुपारचा खेळ, बाहेर चिटपाखरू नाही. आत मशीन घरघरत होतं. सगळ्या कोळंब्या टाकीच्या एकाच बाजूला. हॉलच्या भिंतीकडे तोंड करून, मिशा पुढे काढून, ओळीनं. प्रेक्षकच जसे!

मी मनाशी म्हटलं, भिंत थरथरते म्हणून असेल. तेवढ्यात लाईट गेली. आत अंधार, बाहेर उजेड. नेहमी लाईट गेली की पब्लिक शिट्ट्या मारतं. त्या दिवशी आत कोणीच शिट्टी मारली नाही. आणि टाकीतल्या सगळ्या कोळंब्या एकदम वळल्या. माझ्याकडे.

संध्याकाळी चाचाला सांगितलं, तर म्हणाला, "आज आत होतंच कोण शिट्टी मारायला? एकबी तिकीट खपला नव्हता."

* * *

आता आप्पांचा किस्सा. कोळंब्या पहिल्यांदा मेल्या त्या शुक्रवारी पिक्चर हाऊसफुल्ल गेला होता. दुसऱ्यांदाही. मध्ये एकदा धोंडूकाका तापानं फणफणला, पोस्टरं लावायला भाड्याचा माणूस आणला. त्या आठवड्यात एकही कोळंबी मेली नाही. मी नाचत होतो. पिक्चर रविवारपर्यंतही टिकला नाही, वर बाल्कनीचा एक पंखा खाली आला. नशीब, बाल्कनीत कुत्रंही नव्हतं!

पुढच्या शुक्रवारी पुन्हा टाकी पांढरी. मी रडवेला होऊन आप्पांकडे गेलो.

"आप्पा, गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आप्पांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"धोंडू! हाऊसफुल्लचा बोर्ड पुसून ठेव रे!"

मला वाटलं, म्हातारा सटकलाय. मला एवढी अक्कल नव्हती, की सटकलेला म्हातारा नुसतं बोलून थांबत नाही.

* * *

नव्या पिक्चरची पेटी मुंबईच्या एस.टी.नं यायची. गाडी हायवेनं पुढे गोव्याकडे जायची, म्हणून पेटी हातखंब्याला उतरवून घ्यावी लागायची. ते काम माझं. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी मी टॉकीजमध्ये नसायचो. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही.

दसरा झाला होता. दिवाळी तोंडावर. टाकीतल्या एका मादीनं पोटाशी अंडी धरली होती. हिरवट दाण्यांचा घोस. पायांनी त्यांना सारखी वारा घालायची. मी दिवसातून दहादा जाऊन बघायचो.

त्या गुरुवारी पेटी आधीच्याच गाडीनं येऊन पडली होती. मी लवकर परतलो.

टाकीसमोर नारळ फोडलेला. आप्पा हात जोडून उभे. मागे कँटीनवाला आणि सायकल स्टँडवाला. धोंडूकाका गाऱ्हाणं घालत होता, गावच्या देवळात घालतात तस्सं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या टॉकीजात नवा पिच्चर लागतोय, तो चालू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"व्हिडिओवाल्यांची तोंडां काली होव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि जा काय वाकडा-नाकडा येनार असंल, ता..."

धोंडूकाका अडखळला. आप्पांनी दामटलं, "म्हण! ह्या काचेत दिसेल त्या जिवावर जाऊ दे!"

"ह्या काचेत दिसंल त्या जिवावर जाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आप्पांनी पोस्टरच्या खळीतला ब्रश उचलून टाकीत बुडवला. निळसर खळ पाण्यात धुरासारखी पसरली. खळीला किडे-उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात काय घालतात, ते पोस्टर चिकटवणाऱ्या कोणालाही विचारा. मोरचूद!

मी पेटी टाकून धावलो. हात घातला, मिळेल ती बाहेर काढली, विहिरीच्या पाण्याच्या बादलीत टाकली.

"आप्पा, त्यात मोरचूद आहे! मरतात त्या!"

"माहितीय मला," आप्पा शांतपणे म्हणाले. "मेल्या नाहीत तर पंखा पडतो. बघितलास ना?"

"आणि खोली? तुम्ही शब्द दिला होतात!"

"दिला होता की. टाकी जिवंत राहिली तर, म्हटलं होतं." त्यांनी काचेवर टिचकी मारली. "राहिली का?"

कँटीनवाला हसला. धोंडूकाका खाली बघत म्हणाला, "मी काय करू बाबू, मालक सांगतो तसा करायचा." पन्नाशीचा माणूस! ह्यांच्या पाया पडायला शिकवतात आपल्याला.

बादलीतली एकच वाचली. अंडीवाली. तिला मी पऱ्यात सोडून आलो, आणि टॉकीज सोडलं.

* * *

आता शेवटचा.

पुढच्या पिक्चरच्या वेळी हसनचाचा स्वतः माझ्या दारात आला. "पेटी हातखंब्याला येऊन पडलीय. आणायला कोणी नाय. माझ्यासाठी आण." चाचानं कधी काही मागितलं नव्हतं. आणली.

चाचा पेटी घेऊन वर गेला. मी निघणार, तर टाकीसमोर नारळ फोडलेला. मागच्या भांडणानंतर कँटीनवाला आणि स्टँडवाला तिकडे फिरकत नव्हते. नुसते आप्पा आणि धोंडूकाका. टाकी धुऊन, पाणी भरून ठेवलेली. आत एक दगड. बाकी काही नाही.

"आप्पा," धोंडूकाका म्हणाला, "आत कोन नाय."

"नसू दे. तू म्हण."

"मी नाय म्हननार. रिकाम्या टाकीफुडं नाय म्हननार."

"भित्रा शिंचा! सरक, मी म्हणतो."

आप्पा टाकीसमोर आले. वाकले. पाणी इतकं स्थिर होतं, की काच आहे की नाही कळत नव्हतं. मी बाजूला उभा होतो. मला त्यात वरचा दिवा दिसत होता, मागचं नवं पोस्टर दिसत होतं, आणि आप्पा.

"पिक्चर चालू दे, महाराजा. बाल्कनी भरू दे, महाराजा. आणि जे काय वाकडं-नाकडं येणार असेल, ते ह्या काचेत दिसेल त्या जिवावर जाऊ दे, महाराजा."

एवढं म्हणून ते थांबले. गाऱ्हाण्याला कोणीतरी होय म्हणावं लागतं. नाहीतर ते पोचत नाही, असं सगळे म्हणतात. धोंडूकाकानं ओठ घट्ट मिटले होते. चाचा वर होता.

"व्हय म्हाराजा!"

धोंडूकाका शपथेवर सांगतो, की ते मी म्हणालो. मी नाही म्हणालो.

शुक्रवारी मी तिकीट काढून मॅटिनीला गेलो. मला पिक्चर पडलेला बघायचा होता. हाऊसफुल्ल! बाल्कनीत जादा खुर्च्या. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड, आणि बोर्डाखाली परत चाललेली माणसं. इंटरव्हलला बाहेर आलो, तर टाकीजवळ घोळका. पुढे घुसलो.

आप्पा उजव्या कुशीवर पडले होते. तोंड दुधासारखं पांढरं. डावा हात हलत होता. भरभर. बाकी अंग गप्प.

कोणीतरी पाणी आणायला पळालं. कोणीतरी रिक्षा बोलवत होतं. धोंडूकाका आप्पांकडे बघतच नव्हता. तो टाकीकडे बघत होता, आणि मग माझ्याकडे.

आत घंटा झाली. चाचानं मशीन सुरू केलं आणि पब्लिक आपापल्या खुर्च्यांकडे परत गेलं.

तो पिक्चर दिवाळीनंतरही चालू होता. आप्पांचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.