मास्तरांच्या खुर्चीची वीज

माझ्या धाकट्या बहिणीची पन्नाशी उलटली तरी सगळे तिला चिमणीच म्हणतात. एका इस्पितळात चाकाच्या खुर्च्या सांभाळण्याचं काम ती करते. मला लिहायची फारशी सवय नाही, पण तिच्याबद्दल एवढं सांगावंसं वाटलं.

तिथल्या खुर्च्या बॅटरीवर चालतात. व्हरांड्याच्या फरशीत पट्ट्या बसवल्या आहेत. पट्टीवर खुर्ची उभी केली की वायर न लावताच चार्ज होते. मात्र पट्टी आधी ओळख विचारते आणि नोंदलेल्या खुर्चीलाच वीज देते. थोड्याथोड्या वेळाने पुन्हा विचारायचीही सोय होती. पण पेशंट जरा सरकला की ओळख चुकायची, वीज तुटायची आणि आरडाओरडा व्हायचा. चिमणीला कुणाचे हाल बघवत नाहीत. तिने ती सोय बंदच करून टाकली.

मास्तर म्हणून एक पेशंट होते. त्यांचं श्वासाचं यंत्र खुर्चीच्याच बॅटरीवर चाले. पूर्वी शेजारच्या खाटेवर असलेला कप्तान घरी गेला, तशी त्याच्या खुर्चीची नोंदही गेली. तरी तो रोज त्याच खुर्चीतून बुद्धिबळ खेळायला यायचा आणि मास्तरांना खेटून, त्यांच्याच पट्टीच्या कडेवर बसायचा.

एका दुपारी बागेत मास्तरांचं यंत्र ओरडू लागलं. बॅटरी संपली होती. चिमणीने धावत जाऊन दुसरी जोडली म्हणून निभावलं. खुर्ची सकाळभर पट्टीवर होती, मग भरली कशी नाही? दुसऱ्या दिवशी दोघांचा डाव चालू असताना तिने मीटर लावलं. पट्टी पुरेपूर वीज देत होती. मास्तरांना पोचत होती निम्मी.

"कप्तान, खुर्ची मागे घ्या."

"का गं, वास येतोय माझा?"

"घ्या म्हणते ना!"

तो मागे सरकला आणि मीटरचा काटा चढला.

"तुमची बॅटरी इथे भरते, माहीत होतं तुम्हाला?"

"होतं की. इस्पितळाची वीज. दोन घोट घेतले तर काय बिघडलं?"

"ती मास्तरांच्या वाट्याची होती. एकदा त्यांची ओळख पटली की पट्टी पुन्हा विचारत नाही, आणि देते एका खुर्चीपुरतीच. काल यंत्र ओरडलं ते तुमच्यामुळे. आणि माझ्यामुळे."

कप्तानाच्या हातातला उंट हातातच राहिला. मास्तर यंत्राच्या तालावर, थांबत थांबत बोलले, "वर... माझा वजीरही... मारलास, लेका."

चिमणीने बंद केलेली सोय पुन्हा चालू केली. शिवाय दिलेली वीज आणि खुर्चीला पोचलेली वीज जुळली नाही तर पट्टी बंद पडेल, असंही करून घेतलं. इस्पितळाच्या साहेबांना आपली चूक सांगितली आणि कप्तानासाठी एक वेगळी पट्टी मागितली. ते म्हणाले, "घरी गेलेल्यांना जागा दिली तर आतल्यांनी कुठे जायचं?"

आता कप्तान जवळ आला की मास्तरांचीही वीज तुटते. म्हणून चिमणी दोघांच्या मध्ये जेवणाची ट्रॉली उभी करते आणि तिच्यावर पट मांडते. कप्तान काठीने सोंगट्या ढकलतो, एखादी पडतेही. त्याची बॅटरी लवकर उतरते, मग डाव अर्ध्यात टाकून निघावं लागतं.

"उद्या... घरून भरून ये," मास्तर सांगतात.

ट्रॉली स्वयंपाकघराला परत हवी असते. चिमणी आधी मास्तरांची बॅटरी बघते, मग सोंगट्या न हलवता पट उचलून कपाटावर ठेवते.